सैनिकी अपंगत्व निवृत्तिवेतन अपील

सैनिकी अपंगत्व निवृत्तिवेतन अपील ही भारतीय सेनादलांतून निवृत्त झालेल्या अथवा वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त केलेल्या सैनिकाने, अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारल्यास त्याविरुद्ध दाद मागण्याची प्रक्रिया आहे. दोन विभागीय अपिले आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण असे तिचे मुख्य टप्पे आहेत. अंतिम निकालास अनेकदा कित्येक वर्षे लागतात. विलंब कोणाकडून झाला, यावर त्याचे कायदेशीर परिणाम अवलंबून असतात. शासनाने अपिलावर निर्णय न दिल्यास ठरावीक मुदतीनंतर सैनिकास न्यायाधिकरणाकडे जाता येते. सैनिकानेच उशीर केल्यास हक्क संपत नाही, मात्र थकबाकी घटते.

पात्रता

सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ सैनिकाची तपासणी करून अपंगत्वाची टक्केवारी ठरवते. अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले, यावरही मंडळ मत देते. या दोहोंपैकी एक गोष्ट मान्य होणे आणि अपंगत्व सामान्यतः किमान २० टक्के असणे आवश्यक असते. बहुतेक वाद टक्केवारीपेक्षा सेवेशी असलेल्या संबंधावरून उद्भवतात.

१ जानेवारी २०१६ पासूनच्या सूत्रानुसार १०० टक्के अपंगत्वासाठी अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्व घटक मिळतो व कमी अपंगत्वासाठी तो त्याच प्रमाणात कमी होतो. ‘ब्रॉड बँडिंग’ या तरतुदीनुसार ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरले जाते. त्यामुळे २० टक्के अपंगत्व असलेल्या सैनिकाचा हा घटक अखेरच्या वेतनाच्या ६ टक्क्यांवरून १५ टक्के होतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत. त्याआधी सेवामुक्त झालेल्यांना ते लागू नाहीत.

अपिलाचे टप्पे

दावा फेटाळल्याचे पत्र संबंधित रेजिमेंटच्या किंवा दलाच्या अभिलेख कार्यालयाकडून येते. त्यावर सहा महिन्यांत पहिले अपील आणि तेही फेटाळल्यास पुढील सहा महिन्यांत दुसरे अपील करता येते. ही अपिले सेना मुख्यालय व संरक्षण मंत्रालय यांच्या स्तरावरील समित्यांपुढे जातात.

सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम, २००७ च्या कलम २१ नुसार विभागीय मार्ग आधी अवलंबावे लागतात. मात्र अपील केल्यापासून सहा महिन्यांत अंतिम आदेश न झाल्यास ते मार्ग संपले असे मानले जाते. कलम २२ मध्ये न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची मुदत दिली असून पुरेसे कारण असल्यास उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणास आहे.

विलंबाची कारणे

अपिलाचा प्रवास अभिलेख कार्यालय, वैद्यकीय अधिकारी, मुख्यालय आणि मंत्रालय असा होतो. जुन्या प्रकरणांत वैद्यकीय मंडळाची कागदपत्रे शोधण्यातच बराच काळ जातो. न्यायाधिकरणाच्या पीठावर एक न्यायिक व एक प्रशासकीय सदस्य आवश्यक असल्याने, एक पद रिक्त राहिले तरी सुनावण्या खोळंबतात. सैनिकाच्या बाजूने निकाल लागल्यावरही शासन त्यास वरिष्ठ न्यायालयात आव्हान देऊ शकते. संरक्षण मंत्रालयाशी संबंधित खटले कमी करण्यासाठी मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये तज्ज्ञ समिती नेमण्यात आली होती. अपंगत्व निवृत्तिवेतनाचे खटले हा तिच्या अभ्यासाचा एक भाग होता.

महत्त्वाचे निकाल

तरसेम सिंग खटल्यात १९८३ मध्ये सेवामुक्त झालेल्या सैनिकाने १९९९ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली होती. निवृत्तिवेतन न देणे ही चालू राहणारी चूक असल्याने उशिरा केलेली मागणीही ग्राह्य ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. परंतु थकबाकी याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली.

धरमवीर सिंग खटल्यात १९९४ मध्ये सेवामुक्त झालेल्या सैनिकास २०१३ मध्ये न्याय मिळाला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे उद्भवल्यास तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची आहे, हे तत्त्व या निकालाने स्पष्ट केले. डिसेंबर २०१४ मधील राम अवतार निकालामुळे ब्रॉड बँडिंगचा लाभ नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, हे २०२३ च्या परशोतम दास निकालाने निश्चित झाले.

चंद्रपूर जिल्ह्यातील स्थिती

भद्रावती व परिसरातील माजी सैनिकांसाठी पहिले जवळचे शासकीय ठिकाण म्हणजे चंद्रपूर येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय होय. हे कार्यालय अर्ज व पत्रव्यवहारात साहाय्य करते. दाव्यावर निर्णय देण्याचा अधिकार त्याला नाही. अभिलेख कार्यालय सैनिकाच्या रेजिमेंटनुसार बदलते: ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठीत, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. निवृत्तिवेतनाचे काम प्रयागराज येथील प्रधान संरक्षण लेखा नियंत्रक (निवृत्तिवेतन) कार्यालयाकडे असते.

भद्रावतीहून मुंबईपेक्षा जबलपूर जवळ असले, तरी महाराष्ट्रातील रहिवाशांची प्रकरणे न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे अधिकारक्षेत्र चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांवर आहे.

ही प्रक्रिया केवळ सेनादलांतील व्यक्तींसाठी आहे. भद्रावती येथील आयुध निर्माणी चांदाचे नागरी कर्मचारी तसेच गडचिरोलीत तैनात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान यांच्या अपंगत्वविषयक दाव्यांना वेगळे नियम लागू होतात.

प्रलंबित काळातील उपाय

फेटाळणीचे पत्र, वैद्यकीय मंडळाची कार्यवाही आणि अपिलाची पोच हे प्रकरणातील महत्त्वाचे कागद असतात. वैद्यकीय कार्यवाहीची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. अशा अर्जास सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. सहा महिन्यांची मुदत मोजण्यासाठी अपिलाच्या पोचेवरील दिनांक उपयोगी पडतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून जिल्हा सैनिक कार्यालयांतून मोफत विधी साहाय्य देणे हा तिचा हेतू आहे.

दावा प्रलंबित असताना सैनिकाचे निधन झाल्यास अपंगत्व घटक त्या दिनांकापासून थांबतो. मात्र तोपर्यंतच्या थकबाकीसाठी वारसांना प्रकरण पुढे चालवता येते.