लहान गाडी, मोठे इंजिन

श्रोते हो, गावात कुणी तरणी खिलारी जोडी विकत आणली, की घरातले म्हातारे माणूस आधी बैलांकडे पाहत नाही. ते गाडीखाली वाकते. कणा पाहते, तुंब्याला हात लावते, आरे हलवून बघते, आणि मग म्हणते, "बैल नामी आहेत, पण गाडी सोसेल का?" आज मी ज्या मोटारीची हकीकत सांगणार आहे, तिचा सारा इतिहास या एका प्रश्नात आला आहे.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९२३ साली कॅरोल शेल्बी नावाचा एक मुलगा जन्मला. लहानपणीच त्याच्या हृदयाची झडप सदोष असल्याचे आढळले. तरीही दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिकांचा शिक्षक झाला. युद्ध संपल्यावर त्याने कोंबड्या पाळण्याचा धंदा केला. पहिल्या खेपेला चांगला पैसा मिळाला. पुढच्या खेपेला रोग आला, कोंबड्या मेल्या आणि शेल्बीचे दिवाळे वाजले. मग तो मोटारींच्या शर्यतीत उतरला. १९५३ साली एकदा तो कोंबड्यांच्या खुराड्यावरून कामाच्या पट्टेरी कपड्यांतच थेट शर्यतीला गेला आणि जिंकला. पुढे तोच त्याचा पोशाख ठरून गेला.

त्या दिवसांत तो जी गाडी चालवी, ती होती अॅलर्ड. लंडनच्या सिडनी अॅलर्डने एक साधा हिशेब मांडला होता. इंग्लंडात हलकी, चपळ गाडी बनते. अमेरिकेत मोठे, दणकट इंजिन बनते. मग दोहोंचे लग्न का लावू नये? अमेरिकेला जाणाऱ्या पुष्कळ अॅलर्ड गाड्या इंजिनाशिवायच जहाजावर चढत, आणि इंजिन तिकडे पोचल्यावर बसविले जाई. १९५० साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत कॅडिलॅक इंजिनाची अॅलर्ड तिसरी आली. हे गणित शेल्बीच्या मनात पक्के बसले.

१९५९ साली शेल्बी आणि रॉय साल्वादोरी या दोघांनी अॅस्टन मार्टिन गाडी चालवून तीच ल मान्सची शर्यत जिंकली. पण हृदय साथ देईना. १९६० मध्ये तो जिभेखाली औषधाची गोळी धरून शर्यती धावला, आणि त्याच वर्षी त्याला गाडीवरून उतरावे लागले. वय अवघे सदतीस. दुसऱ्याला हातात चक्र देता येईल अशी स्वतःची गाडी घडविणे, एवढाच मार्ग आता उरला होता.

इकडे इंग्लंडातही एक लहान कारखाना अडचणीत होता. टेम्स डिटन या गावी एसी नावाची कंपनी 'एस' ही दोन माणसांची लहानशी गाडी बनवी. गाडी १९५३ साली निघाली. तिचा सांगाडा म्हणजे तीन इंची व्यासाचे दोन पोलादी नळ, वर अॅल्युमिनियमची काया, आणि चाकांना आधार आडव्या पाट्यांचा. १९५६ पासून तिच्यात ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन बसे. दोन लिटर म्हणजे तेलाची टाकी नव्हे बरे का. इंजिनातले दट्टे एकदा वरखाली होताना जेवढी पोकळी व्यापतात, तिचे हे माप. हे इंजिन सुमारे सव्वाशे अश्वशक्ती देई. १९६१ च्या सुमारास ब्रिस्टलने ते बनविणे थांबविले. गाडी होती, इंजिन नव्हते.

सप्टेंबर १९६१ मध्ये शेल्बीने एसीला पत्र लिहिले: तुमच्या गाडीत अमेरिकन इंजिन बसवू या का? कंपनीचे चार्ल्स हरलॉक यांनी कळविले की योग्य इंजिन मिळत असेल तर आमची ना नाही. शेव्हरोलेने शेल्बीला नकार दिला. त्यांची स्वतःची कॉर्व्हेट गाडी बाजारात होती. फोर्डला मात्र त्या कॉर्व्हेटशी टक्कर द्यायची होती, आणि त्यांच्याकडे नुकतेच एक नवे आठ सिलिंडरांचे इंजिन तयार झाले होते. त्याचे वैशिष्ट्य ओतकामात होते. साचे इतके अचूक, की बिडाच्या भिंती पातळ ओतता येत. त्यामुळे इंजिन मोठे असूनही वजनाने जुन्या इंजिनाहून फारसे जड नव्हते. सव्वाचार लिटरच्या या इंजिनाची शक्ती होती २६० अश्वशक्ती. वजन जवळजवळ तेच, आणि जोर दुप्पट!

फेब्रुवारी १९६२ मध्ये इंजिनाविना पहिली गाडी विमानाने लॉस एंजेलिसला आली. शेल्बी आणि त्याच्या सोबत्यांनी आठ तासांच्या आत तिच्यात नवे इंजिन बसवून ती रस्त्यावर आणली. हे आठ तास पुढे फार गाजले. पण मला वाटते, विद्यार्थ्यांना सांगायची गोष्ट ती नव्हे. त्या आठ तासांमागे टेम्स डिटनच्या कारागिरांचे महिन्यांचे काम होते. चाकांकडे जोर वाटून देणारी मागची दातेरी पेटी त्यांनी अधिक मजबूत घातली होती, सांगाड्याला जागोजाग बळकटी दिली होती, सुकाणूची जागा सरकविली होती. त्यांनी कणा आधी पाहिला, म्हणून बैल आठ तासांत जुंपता आले.

गाडीचे नाव ठेवले कोब्रा. हा शब्द आपल्याला परका नाही. पोर्तुगीजांनी आपल्याकडच्या नागाला जे नाव दिले, तेच पुढे इंग्रजीत गेले. गाडी एकच होती, म्हणून शेल्बी प्रत्येक मासिकाच्या परीक्षकाकडे तिला निराळा रंग देऊन पाठवी; वाचकांना वाटे, गाड्या पुष्कळ आहेत!

ऑक्टोबर १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडला कोब्राची पहिली शर्यत झाली. बिली क्राउझ नव्या कॉर्व्हेट गाड्यांच्या पुढे धावत होता. आणि मग मागच्या चाकाचा तुंबा तुटला. इंजिन धडधाकट होते, गाडी मात्र जागीच बसली. म्हाताऱ्याचा प्रश्न खरा ठरला तो असा. शेल्बीच्या माणसांनी तो भाग अधिक भक्कम केला, आणि जानेवारी १९६३ मध्ये त्याच रिव्हरसाइडला डेव्ह मॅकडोनाल्ड पहिला व केन माइल्स दुसरा आला, दोघेही कोब्रात.

युरोपात गेल्यावर दुसरा धडा मिळाला. ल मान्सच्या लांबलचक सरळ रस्त्यावर उघडी कोब्रा ताशी सुमारे २५० किलोमीटरला अडे. इंजिन तेव्हा पावणेपाच लिटरचे झाले होते. पण समोरची हवा भिंतीसारखी उभी राही. पीट ब्रॉक या तरुणाने इंजिनाला हात न लावता गाडीला नवी बंदिस्त, मागे छाटल्यासारखी काया दिली. वेग ३०० च्या घरात गेला. १९६४ साली डॅन गर्नी आणि बॉब बॉन्ड्युरंट यांनी ही गाडी ल मान्सला चौथी आणली, आणि तिच्या वर्गात ती पहिली आली.

त्याच वर्षी उलट प्रयोगही झाला. जुन्याच सांगाड्यात सात लिटरचे अजस्र इंजिन कोंबून केन माइल्सने गाडी सेब्रिंगला नेली. ती काही केल्या ताब्यात राहीना. सरावात झाडावर आदळली. पुढे सात लिटरची कोब्रा विक्रीला आणली तेव्हा तीन इंचांचे नळ जाऊन चार इंचांचे आले आणि आडव्या पाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या. म्हणजे इंजिनासाठी गाडीच नवी करावी लागली.

४ जुलै १९६५, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. फ्रान्समधील रॅन्स येथे बॉन्ड्युरंट आणि जो श्लेसर यांनी आपल्या वर्गात विजय मिळविला, आणि फेरारीकडे असलेले जागतिक अजिंक्यपद कोब्राकडे आले. जिंकले ते पावणेपाच लिटरचे इंजिन, सात लिटरचे नव्हे.

आता शेवटची गोष्ट. ज्या दुर्बळ हृदयामुळे शेल्बीला गाडी सोडावी लागली, ते अखेर १९९० साली बदलावे लागले. शस्त्रक्रिया करून त्याला दुसऱ्याचे हृदय बसविण्यात आले. ते आयुष्यभर टिकवायचे, तर बाकीच्या देहानेही ते सोसायला हवे. १९९६ मध्ये मूत्रपिंडे थकली, तेव्हा मुलाने आपले एक दिले. २०१२ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी शेल्बी वारला. आठ तासांत जुळविलेली ती पहिली कोब्रा तोवर त्याने जवळच ठेवली होती.

श्रोते हो, विहिरीवरचा पंप असो, शाळेचा अभ्यासक्रम असो, की गावची नवी संस्था. जोर वाढवावा असे आपल्या सर्वांनाच वाटते. वाढवावाच. मात्र त्याआधी एकदा गाडीखाली वाकून कणा पाहावा.