नऊ पराभव, ओळीने

परवा मुंबईहून येताना एक्स्प्रेसवेवरून गहुंज्याचं स्टेडियम दिसलं आणि एकदम २०१२ आठवलं. पुणे वॉरियर्स नावाची एक टीम होती, आठवतेय का कुणाला?

मी तेव्हा पुसदला शाळेत होतो. उन्हाळा, कूलरमध्ये पाणी भरायची ड्यूटी माझ्याकडे, आणि रात्री आठला आयपीएल. आमच्या गल्लीतले सगळे पोट्टे मुंबईवाले नाहीतर चेन्नईवाले. मी एकटा पुण्याचा. कारण साधं होतं. दादा इंजिनीअरिंगला पुण्यात होता आणि मलाही तिकडेच जायचं होतं. "काय बे, हारली ना तुझी टीम?" हे वाक्य मी त्या मे महिन्यात रोज ऐकलं.

या वीकेंडला बसून जुनी स्कोअरकार्डं एक्सेलमध्ये टाकली. सुरुवात चक्क झकास आहे! ६ एप्रिलला वानखेडेवर मुंबईला हरवलं, मग गहुंज्यात पंजाबला, १४ तारखेला गतविजेत्या चेन्नईला, २१ तारखेला दिल्लीला. सातपैकी चार विजय. कॅप्टन गांगुली; युवराज कॅन्सरच्या उपचारांमुळे त्या वर्षी खेळलाच नाही.

आणि मग २४ एप्रिल ते १९ मे, ओळीने नऊ पराभव. १६ सामने, ४ विजय, १२ हार, नऊ टीम्समध्ये नववा नंबर.

पण आकडे नीट बघा. ३ मेला मुंबईच्या १२० धावांसमोर आपण ११९ वर थांबलो. एका रनने! दोनच दिवसांनी ईडनवर कोलकात्याकडून ७ रन्सनी हरलो. त्याआधी डेक्कनकडून लागोपाठ १८ आणि १३ रन्सनी. म्हणजे टीम अगदीच टाकाऊ नव्हती, मोक्याच्या वेळी कच खात होती. असला बग एका रात्रीत सापडत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

तो वेळच मिळाला नाही. सहाराने २०१० साली ही टीम ३७ कोटी डॉलरला घेतली होती. २००८ साली सगळ्यात महाग गेलेली मुंबई होती सुमारे ११ कोटींची! एवढे पैसे ओतल्यावर सहारा आणि बीसीसीआयचं वाजलं ते सामन्यांच्या संख्येवरून. बोली लावली तेव्हा सीझनला ९४ सामने धरले होते, प्रत्यक्षात झाले ७४. म्हणून सहाराला फी कमी करून हवी होती. तिकडे मैदानावर २०१३ मध्ये गेलने आपल्याविरुद्ध ६६ चेंडूंत नाबाद १७५ ठोकले. मे महिन्यात सहाराने अंग काढून घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये बोर्डाने करार रद्द केला. तीन सीझन, १२ विजय, खेळ खलास.

पुढे २०१६ ला पुण्याला दुसरी टीम मिळाली, तीही दोनच वर्षांच्या करारावर. २०१७ ची फायनल हरली ती पुन्हा मुंबईकडूनच, आणि पुन्हा एका रनने. मग तीही बंद.

आता आमच्या विदर्भाचं बघा राजेहो. १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. वर्षानुवर्षं आमच्याशी सामना म्हणजे समोरच्याला आयते पॉइंट्स. पण हरलो म्हणून टीम कुणी गुंडाळली नाही. पुढच्या वर्षी परत पॅड बांधायचे. असं करत तब्बल साठ वर्षांनी, २०१७-१८ ला, पहिल्यांदा फायनल गाठली. कॅप्टन फैज फझल, कोच चंद्रकांत पंडित. इंदूरला गुरबानीने हॅटट्रिक घेतली, दिल्लीला हरवलं आणि कप नागपूरला आला. पुढच्याच वर्षी परत, आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा.

तेव्हा वाटायचं, सारखं हरणं हीच सगळ्यात मोठी नाचक्की. आता वाटतं, हरलेल्या सीझनला अर्थ येतो तो पुढच्या सीझनमुळे. विदर्भाला तो साठ वेळा मिळाला, माझ्या वॉरियर्सना नीट एकदाही नाही. आमच्या आयटीतही हेच चालतं म्हणा. दोन क्वार्टर वाईट गेले की प्रॉडक्ट बंद, टीम बेंचवर.

रात्री दादाला फोन करून ३ मेच्या मॅचची आठवण करून दिली. तो म्हणाला, "अरे, एक रन रे..." आणि आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

असो. उद्या सोमवार. स्टँडअप साडेनऊला.