झेंडू आणि शेवंती

दसऱ्याचें तोरण झेंडूवांचून शोभत नाहीं. तरीहि तो मूळचा मेक्सिकोचा. १४९२ नंतरच त्यानें महासागर ओलांडला. तिकडे मृतांच्या सणाला तोच वाहतात! शेवंतीचें माहेर चीन; ताओ युआनमिंग (३६५–४२७) याच्या काव्यांत ती कुंपणापाशीं फुललेली आढळते.

झेंडू बियांपासून होतो. ऊन मिळालें कीं हलक्या जमिनींतहि भागवून घेतो. शेवंती मानी. तिच्या काश्या लावाव्या लागतात, मुळाशीं पाणी सांचलें कीं ती कुजते आणि रात्री मोठ्या झाल्याविना ती कळी धरीत नाहीं. दिवसमानाचा हा नियम गार्नर व अॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तंबाखू, सोयाबीन इत्यादि पिकांवरून १९२० सालीं मांडला. रात्रभर दिवा जळणाऱ्या अंगणांत शेवंती नुसती पाल्यानें भरते आणि बिचारा माळी खताला दोष देतो.