लाखोळीचं पातळ वरण

मुलचेऱ्याकडची थंडी ही जंगलातली थंडी. धान कापून झालेलं असतं, बांधीत अजून ओल असते आणि त्या ओलीवर लाखोळी हिरवीगार पसरलेली असते. या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या खेड्यांत संध्याकाळी चुलीवर लाखोळीचं पातळ वरण शिजतं. शहरातले लोक त्याला सूप म्हणतील. लसूण, मिरची, हळद, मीठ, थोडी चिंच आणि मूठभर पालेभाजी. डाळ आधी भिजलेली असली की फार वेळ लागत नाही. वाटीभर प्यालं की अंगात ऊब येते आणि पोटालाही आधार होतो. शंभर ग्रॅम लाखोळीच्या डाळीत सुमारे 28 ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीपेक्षा जास्त.

या साध्या वरणामागे मोठा इतिहास आहे आणि तो सगळाच गोड नाही.

लाखोळीला नांगर लागत नाही, वेगळं पाणी लागत नाही. धान उभं असतानाच, कापणीच्या थोडं आधी, तिचं बी ओल्या बांधीत फेकतात. धान निघून जातं, लाखोळी वर येते. थेट अशीच रीत पूर्व बंगालात होती. तिथे या डाळीला खेसारी म्हणतात. 1960 नंतरच्या काळात पूर्व पाकिस्तानातून उखडलेली बंगाली कुटुंबं मुलचेऱ्याच्या आसपास वसवली गेली. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावांची नावंच ते सांगतात. रान अनोळखी, भाषा अनोळखी. पण बांधीतली ही डाळ मात्र ओळखीची होती.

अशाच एका घरी मी विचारलं, "काकी, डाळ भिजवलेलं पाणी फेकून का देता?" त्या म्हणाल्या, "सासूबाई फेकायच्या, म्हणून आम्हीही फेकतो, दादा." विज्ञानाला ही गोष्ट सांगायला बराच काळ लागला.

कर्नल स्लीमन आपल्याला ठगांचा बंदोबस्त करणारा साहेब म्हणून माहीत आहे. 1844 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सागर भागातली एक हकिकत आहे. 1829 मध्ये गारपिटीनं गहू गेला, पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला, त्यापुढच्या वर्षी रोग पडला. तीन वर्षं शेतात तगली ती फक्त लाखोळी. लोक तिच्यावरच जगले. 1833 पासून गावोगावच्या तरुण मुलांचे कमरेखालचे पाय लुळे पडू लागले. गेलेले पाय परत आले नाहीत.

या डाळीतलं विषारी द्रव्य 1964 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा या संशोधकांनी वेगळं करून दाखवलं. ते पाण्यात विरघळतं. गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी टाकलं की विषाचा बराचसा भाग निघून जातो. काकींच्या सासूबाईंना द्रव्याचं नाव ठाऊक नव्हतं, पण इलाज ठाऊक होता.

मंडळी, इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. भाताबरोबर, भाजीबरोबर वाटीभर लाखोळी खाणाऱ्याचे पाय सहसा जात नाहीत. दोन-तीन महिने तिच्यावरच पोट भरावं लागतं, त्याचे जातात. मग हे कुणाच्या वाट्याला येतं? दुष्काळात सापडलेल्याच्या. विंध्य प्रदेशातल्या रिवा भागात ते वेठबिगारांच्या वाट्याला आलं, कारण त्यांना मजुरी म्हणून हेच धान्य मिळे. दुसऱ्या महायुद्धात ते कैद्यांच्या वाट्याला आलं. युक्रेनमधल्या वापनियार्का इथे रुमानियाच्या फौजेनं ज्यू कैद्यांची छावणी केली होती. 1942 च्या हिवाळ्यात तिथे रोज लाखोळीच मिठाच्या पाण्यात शिजवून दिली जाई, सोबत जवाच्या पावाचा तुकडा. शेकडो कैद्यांचे पाय गेले. कैद्यांपैकीच एक, डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला आणि छावणीच्या अधिकाऱ्यांना अन्न बदलायला भाग पाडलं. कडाक्याच्या थंडीत गरम सूप मिळत होतं. पण दुसरं काही मिळत नव्हतं, हेच त्या सूपातलं खरं विष.

आपल्याकडे 1961 साली कायद्यानं लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. हेतू वाईट नव्हता. पण कायद्यानं डाळ धरली आणि मजुरी सोडली. आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या बांधीत पीक उभं राहत होतं, घरात वरण शिजत होतं, फक्त बाजारात त्याला उजळ माथ्यानं विकता येईना. मग तीच डाळ चोरवाटेनं तुरीत आणि बेसनात मिसळली जाऊ लागली. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला, उपोषणं केली. 2008 साली महाराष्ट्रानं बंदी उठवली. 2016 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं कमी विषाच्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या वाणांना अनुकूलता दाखवली.

तेव्हा हे वरण जरूर करा, पण काकींच्या रीतीनं. डाळ गरम पाण्यात तीन-चार तास भिजू द्या, ते पाणी टाका, पुन्हा धुवा, भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी टाका. मग नव्या पाण्यात मऊ शिजवून लसणाची फोडणी द्या, वरून पाला आणि चिंच घाला. सोबत भात असू द्या, भाजी असू द्या, आणि उद्याच्या जेवणात दुसरी डाळ असू द्या. हे "असू द्या" म्हणणं मला सोपं आहे. ते प्रत्येक चुलीपाशी खरं व्हावं, एवढीच या डाळीच्या इतिहासाची मागणी आहे.