राम दिवसाचा, कृष्ण रात्रीचा

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. मोगली संचात ८ रंग, ९६ पाने. नियम असा, की सोन्याच्या नाण्याचा राजा ज्याच्या हाती, त्याने दिवसा डाव उघडावा. रात्री हा मान रुप्याच्या राजाचा. सूर्यचंद्राचाच हा संकेत. पुढे कोणा अनामिकाने दशावतारी संच रचला: १० रंग, १२० पाने. नाणी गेली, नियम राहिला! दिवसाचा मान सूर्यवंशी रामाला मिळाला, रात्रीचा चंद्रवंशी कृष्णाला. जुन्या नियमाला नवी कथा शोभावी, हेच त्या रचनाकाराचे कौशल्य. सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात या कलेला पुन्हा आधार दिला. आज ही पाने दिवाणखान्यांत शोभतात; खेळणारे मात्र विरळ. वाचकहो, डाव विसरला, तर उरतील ती नुसती चित्रे.