रुग्णकक्षातून सभेकडे: वैद्यक विद्यार्थ्यांच्या संशोधन-परिषदांची पूर्वपीठिका

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वतः केलेले निरीक्षण लिहून काढावे, ते बरोबरीच्यांसमोर वाचावे आणि त्यांच्या शंकांना तेथेच उत्तरे द्यावीत, ही प्रथा आजच्या परिषदांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. विद्यापीठांच्या आवारात विद्यार्थीच भरवतात अशा संशोधन परिषदांमध्ये आधी गोषवारे मागवले जातात, म्हणजे अभ्यासाचा हेतू, पद्धत आणि निष्कर्ष थोडक्यात सांगणारी टिपणे जमा केली जातात. त्यांतून निवडलेले निबंध वाचले जातात, तर काहींची मांडणी भित्तिपत्रकांवर होते. या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी एक मान्यता आहे: ज्याला अजून पदवी मिळालेली नाही, त्यालाही रोगाविषयी प्रश्न उपस्थित करण्याचा अधिकार आहे. ही मान्यता महाराष्ट्रात कशी रुजली आणि भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील अड्याळसारख्या गावाशी तिचे नाते जुळायला इतका काळ का लागला, हे पाहायचे तर आरंभ मुंबईपासून, किंबहुना मुंबईच्याही आधी एडिनबर्गपासून करावा लागतो.

एडिनबर्गमध्ये १७३४ साली काही वैद्यक विद्यार्थी आपापसांत निबंध वाचण्यासाठी एकत्र येऊ लागले, १७३७ मध्ये त्यांच्या मंडळाला रीतसर रूप आले आणि १७७८ मध्ये या रॉयल मेडिकल सोसायटीला राजसनद मिळाली. सभासदाने प्रबंध लिहून तो सभेपुढे वाचावा आणि इतरांनी त्याची चिकित्सा करावी, असा तिचा शिरस्ता होता. याच शहरात १८२८ साली एम.डी. झालेले आणि पुढे पॅरिसमध्ये पिएर लुई यांच्याकडे शिकलेले चार्ल्स मोरहेड १८४५ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. लुई यांची ‘संख्यात्मक पद्धत’ म्हणजे उपचाराची योग्यता गुरूच्या अधिकारावरून न ठरवता अनेक रुग्णांच्या नोंदी मोजून ठरवण्याची रीत होय. न्यूमोनियात रक्त काढण्याचा उपाय जितका समजला जात होता तितका गुणकारी नाही, हे त्यांनी अशाच मोजणीतून दाखवले होते. मोजणीपुढे गुरू आणि शिष्य समान होतात, म्हणून विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या इतिहासात या पद्धतीचे स्थान फार मोठे मानले पाहिजे.

ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली. तिच्यात भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा यांच्यासारखे मराठी तरुण होते, आणि लवकरच या नव्या पदवीधरांनी ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी नावाचे मंडळ उभारून त्यात आपल्या रुग्णांविषयी चर्चा सुरू केली. तथापि मुंबईतील तरुणांना सभेची सवय लागली ती त्याआधी, एल्फिन्स्टन संस्थेत. तेथील विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, लगोलग मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा निघाल्या आणि १८४९ मध्ये या तरुणांनी मुलींच्या शाळाही उघडल्या. मूळ सोसायटीचे कामकाज इंग्रजीत चाले. मराठी सभेत मात्र विज्ञानाचे विषय मराठीत मांडले जात, आणि तिचे अध्यक्षपद आत्माराम पांडुरंगांचे वडील बंधू दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे होते. एकाच घरातला एक भाऊ इंग्रजीतून वैद्यक शिकत होता आणि दुसरा मराठीत ज्ञान सांगणाऱ्या सभेचे नेतृत्व करत होता. हे दोन प्रवाह वैद्यकात मात्र एकत्र आले नाहीत. त्याआधी, १८२६ ते १८३२ या काळात, मुंबईच्या नेटिव्ह मेडिकल स्कूलमध्ये जॉन मॅक्लेनन यांनी वैद्यकाचे ग्रंथ मराठीत आणण्याचा प्रयत्न केला होता, पण शाळाच बंद पडली. संशोधनाची भाषा आणि रुग्णाची भाषा यांच्यात तेव्हा पडलेले अंतर ही या इतिहासातील सर्वांत मोठी हानी आहे.

विद्यार्थ्याच्या प्रबंधाला मान देण्याची रीत परदेशीही होती. आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून १८८६ मध्ये पदवी घेताना लिहिलेला प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. स्वादुपिंडातील ज्या पेशीसमूहांना आज लँगरहान्सची बेटे म्हणतात त्यांचे वर्णन पॉल लँगरहान्स यांनी १८६९ मध्ये विद्यार्थिदशेतील प्रबंधातच केले. पण प्रत्येक शिकाऊ संशोधकाला असे श्रेय मिळालेच असे नाही. शिकागोत १९०४ मध्ये अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराला एका रुग्णाच्या रक्तात कोयत्याच्या पात्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी दिसल्या. १९१० मध्ये या रोगाचे जे वर्णन प्रसिद्ध झाले, त्यावर नाव होते ते त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांचे.

हा सिकलसेल रोगच विदर्भाच्या वैद्यकीय इतिहासाशी जवळून निगडित आहे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या संशोधकांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. वाहक म्हणजे ज्याला आईवडिलांपैकी एकाकडून सदोष जनुक मिळाले आहे, पण जो स्वतः सहसा आजारी नसतो असा माणूस. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी असण्याची शक्यता चारात एक असते. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भातील अनेक जिल्ह्यांत हा रोग आढळतो. म्हणजे प्रयोगशाळा आणि नियतकालिके महानगरांत असली, तरी संशोधनाचा विषय धानाच्या बांध्यांमध्ये राबणाऱ्या माणसांच्या रक्तात होता.

पुढच्या काळात विद्यार्थ्यांच्या संशोधनाला संस्थात्मक आधार मिळाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये अल्पकालीन विद्यार्थी-संशोधन योजना सुरू केली, जिच्यात पदवीपूर्व विद्यार्थी मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिन्यांचा अभ्यास करतो. राज्यातील वैद्यकीय शिक्षण १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आले, आणि २००६पासून राज्यपालांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवात वैद्यक आणि औषधनिर्माण यांचा स्वतंत्र विभाग राहिला. महाविद्यालयांतील विद्यार्थी-मंडळांनी भरवलेल्या परिषदा याच वातावरणात वाढल्या. निबंध तपासायचे, वक्ते बोलवायचे, सत्रे चालवायची, आणि एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरील अभ्यासाला आधी मंजुरी देणाऱ्या समितीची, परवानगी नसलेले काम परत पाठवायचे, ही सारी जबाबदारी विद्यार्थ्यांवर येऊ लागली. केवळ भाषणे ऐकण्यापेक्षा हे शिक्षण अधिक खोल आहे, कारण दुसऱ्याच्या निबंधातील उणीव शोधताना स्वतःच्या पद्धतीतील उणीवही कळते.

अड्याळ या वाटेवर फार उशिरा येते. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, आसपासच्या खेड्यांतले रुग्ण तेथे येतात; पण त्यांच्या नोंदींचा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाशी नियमित संबंध यावा इतके जवळ वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. मोठ्या आजारासाठी नागपूर गाठायचे, ही या भागाची जुनी रीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अभ्यासक्रमात आणलेल्या कुटुंब दत्तक कार्यक्रमामुळे एम.बी.बी.एस.चा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबांशी जोडला जातो आणि पुढे त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेले आहे, ज्यात रक्ताच्या थेंबावर आधी सोपी चाचणी होते आणि संशय असलेल्या नमुन्याची खात्री पुढच्या तपासणीने केली जाते.

या तीन गोष्टी एकत्र आल्याने भंडारा जिल्ह्यातील रुग्णांच्या नोंदी, त्या नोंदी घेणारे विद्यार्थी आणि त्या वाचल्या जाऊ शकतील अशी सभा आता एकाच जिल्ह्यात असू शकतात. अशा सभेत अड्याळच्या रुग्णांविषयीचा निबंध वाचला गेला, तर त्याचा गोषवारा मराठीतही छापणे आणि ज्यांच्या रक्ताचे नमुने घेतले त्यांच्यापर्यंत निष्कर्ष पोचवणे हे त्या विद्यार्थी-मंडळाच्या हातातले काम आहे. त्यासाठी अनुदान लागत नाही, वरून परवानगीही लागत नाही.