हस्तपत्रकाची पूर्वपीठिका

आपल्या ज्ञातीच्या कोणत्याही कार्याचा आरंभ एका कागदाने होतो. वधू-वर मेळावा असो, विद्यार्थ्यांचा गुणगौरव असो वा वार्षिक सर्वसाधारण सभा असो, प्रथम हस्तपत्रक निघते आणि मग माणसे जमतात. असा छापील कागद मुंबईत घरोघर पोहोचविण्यात आपल्याच ज्ञातीतील एका पुरुषाचा वाटा केवढा मोठा होता, हे नव्या पिढीस क्वचितच ठाऊक असते. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

त्या पुरुषाचे नाव गणपत कृष्णाजी. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१७ साली मराठी छपाईस हात घातला. त्यांच्या छापखान्यातील पुस्तके पाहून भंडारी कुळात जन्मलेल्या या गृहस्थांच्या मनाने घेतले की, आपल्या लोकांचे ग्रंथही असेच छापून निघावेत. हाताशी भांडवल नाही, शिकविणारा कोणी नाही. तरीही त्यांनी लाकडी यंत्र सिद्ध केले, शिळेवर प्रयोग केले, शाईदेखील स्वतः बनविली. आणि १८३१ साली, म्हणजे शके १७५३ चे, मराठी पंचांग छापून दाखविले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते त्यानंतर, ६ जानेवारी १८३२ रोजी.

शिळाछापाची ही युक्ती बव्हेरियातील झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने लिहावे, शिळा पाण्याने ओली करावी, मग वरून शाईचा रूळ फिरवावा. ओल्या भागावर शाई बसत नाही, अक्षरांवर तेवढी बसते. यात खिळ्यांची गरज नाही. सुंदर हस्ताक्षराचा लेखक मिळाला की बाळबोध, मोडी, चित्र, चौकट, सारे एकाच शिळेवर उमटते.

गणपत कृष्णाजींचे खरे चातुर्य आम्हांस दोन गोष्टींत दिसते. पहिली गोष्ट म्हणजे निवड. पंचांग ही प्रत्येक घरास लागणारी वस्तू. तिथी, वार, नक्षत्र ज्याच्या त्याच्या रकान्यात असल्यामुळे पाहणाऱ्यास हवे ते क्षणात सापडते. दुसरी गोष्ट म्हणजे वाचकाच्या मनाची जाण. छापाच्या शाईत चरबी असते, या समजुतीने त्या काळचे सोवळे लोक छापील कागदास शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी त्यांचा उपहास केला नाही. धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई केली, असे सांगतात. पुढे त्यांनी स्वतः खिळेही पाडले. १८६० साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ साली खिळ्यांचा कारखाना व १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी अक्षरास घाट दिला. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात झाली, तीत सत्तावन्न हजार चित्रे, दोन मैल लांबी आणि तीन आणे दर एवढ्याच गोष्टी ठळक होत्या. प्रेक्षकास याहून अधिक काय हवे होते?

हा इतिहास सांगताना आमचीच एक चूक मान्य केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीचे पत्रक आमच्या हातून निघाले. माथ्यावर पदाधिकाऱ्यांची बावीस नावे, कडेने वेलबुट्टी, मध्ये लांबलचक निवेदन. आणि अर्जाची अखेरची तारीख तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. मुदत टळल्यावर आठव्या दिवशी एक माउली मुलीची गुणपत्रिका घेऊन कार्यालयात आली. पत्रक तिच्या पिशवीतच होते, जपून घडी घातलेले. आम्ही नियमाकडे बोट दाखविले. बाई निमूटपणे उठून गेल्या. बावीस नावांपैकी एकही नाव त्या मुलीच्या कामी आले नाही.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. पत्रक छापण्यापूर्वी ते कमिटीबाहेरच्या एका वृद्ध माणसाच्या हाती द्यावे आणि विचारावे, “काय, कुठे, केव्हा, कोणासाठी?” चष्मा न शोधता चारही उत्तरे मिळाली तरच कागद छापखान्यात जावा. नावे मागील बाजूस द्यावीत. अक्षरांचे वळण दोहोंहून अधिक नसावे. मोकळी जागा वाया गेली असे मानू नये. आज पत्रक भ्रमणध्वनीवर क्षणात पोहोचते, पण वाचणाऱ्याचा डोळा तोच आहे.

सभासद कुटुंबांस शेवटी एक विनंती. आपल्या वाडवडिलांच्या पेट्यांतून जुन्या सभांची, लग्नांची, वसतिगृहांच्या वर्गणीची पत्रके पडून असतील. ती रद्दीत घालू नयेत. संस्थेच्या दप्तरी आणून द्यावीत. ज्या ज्ञातीत गणपत कृष्णाजी जन्मले, तिने छापील कागदाची एवढी तरी बूज राखावी.